घरगुती नेटवर्क साठवण साधनांचा फाइल-हस्तांतरण वेग : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा :

घरगुती नेटवर्क साठवण साधनाची क्षमता बहुधा 'सेकंदाला इतके मेगाबाइट' या एकाच आकड्याने सांगितली जाते. हा आकडा खोटा नसतो; मात्र तो सर्वांत सोप्या कामाचा असतो. एक मोठी फाइल, रिकामी डिस्क आणि मोकळी केबल अशा स्थितीत तो मिळतो. प्रस्तुत निबंधात या आकड्याची घडण तपासली असून, नेटवर्कची मर्यादा, फाइलींची संख्या, डिस्कची रचना आणि तात्पुरत्या मेमरीचा वापर या चार अंगांनी त्याची चिकित्सा केली आहे. वेगाचे खरे माप म्हणजे ठरावीक काम पूर्ण होऊन माहिती डिस्कवर सुरक्षित पोहोचेपर्यंत लागणारा वेळ होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नॅस, फाइल-हस्तांतरण, गिगाबिट इथरनेट, एसएमबी, कॅश, मापनपद्धती

१. प्रस्तावना :

नेटवर्क साठवण साधन, म्हणजेच प्रचलित भाषेत 'नॅस', ही एक किंवा अधिक हार्ड डिस्क, एक छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी आणि नेटवर्कची जोडणी असलेली पेटी होय. ती राउटरला जोडली की घरातील सर्व संगणकांना एकच सामाईक कपाट मिळते. कुटुंबाची छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती, संशोधकाने क्षेत्रीय अभ्यासात ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती, प्रबंधाची प्रकरणे असा ऐवज त्यात ठेवला जातो. कागदाप्रमाणे या ऐवजाची दुसरी प्रत आपोआप कोठे उरत नाही. संगणकावरून नॅसवर कॉपी झाली, पडद्यावरील पट्टी पूर्ण भरली, की बहुतेक जण जागा मोकळी करण्यासाठी मूळ प्रत पुसून टाकतात.

म्हणूनच हस्तांतरणाचा वेग हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. 'काम झाले' असे साधन केव्हा म्हणते आणि काम खरोखर केव्हा होते, यांतील अंतर हा त्या प्रश्नाचा गाभा आहे. खोक्यावरील वेगाच्या आकड्यात हे अंतर दिसत नाही. तो आकडा काय सांगतो आणि काय झाकतो, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. आकड्याचा इतिहास :

आरंभीच्या काळात हा आकडा अर्थपूर्ण होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २००४ मध्ये आलेल्या लिंकसिसच्या एनएसएलयू२ या छोट्या साधनात २६६ मेगाहर्ट्झ क्षमतेचा इंटेलचा प्रोसेसर आणि ३२ मेगाबाइट मेमरी होती. त्याची इथरनेट जोडणी १०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वाहून नेणारी होती. अशा साधनांत प्रोसेसर हीच मुख्य अडचण असे. फाइलीचे तुकडे करणे, त्यांची बेरीज तपासणे, डिस्कवर लिहिणे ही सर्व कामे एकाच दुबळ्या प्रोसेसरला करावी लागत. त्यामुळे एका साधनाचा वेग दुसऱ्यापेक्षा अधिक निघाला, तर त्यातून त्यांच्या अंतर्गत रचनेतील फरक खरोखरच कळत असे.

पुढील दशकात स्थिती पालटली. प्रोसेसर सबळ झाले, गिगाबिट जोडणी सर्वत्र आली आणि साध्या साधनांनाही मोठ्या फाइलीच्या बाबतीत केबलची कमाल मर्यादा गाठता येऊ लागली. येथून पुढे गिगाबिट जोडणीच्या बहुसंख्य साधनांचे आकडे एकसारखे दिसू लागले. वस्तुतः त्या आकड्यात मोजली जात होती ती केबल. साधनाची परीक्षा होतच नव्हती. सर्व विद्यार्थ्यांना समान गुण मिळतील अशी प्रश्नपत्रिका काढली, तर त्या गुणांवरून क्रमवारी लावता येत नाही. त्यातलाच हा प्रकार आहे.

३. एका वेगाची तीन रूपे :

ही कमाल मर्यादा नेमकी किती, याविषयीही गोंधळ आढळतो. गिगाबिट म्हणजे सेकंदाला शंभर कोटी बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १२५ मेगाबाइट हा आकडा येतो. परंतु माहिती केबलवरून सुटी जात नाही; ती चौकटींत बांधून जाते. प्रत्येक चौकटीला केबलवर १५३८ बाइटांइतकी जागा लागते. तीत पत्ता, तपासणीची बेरीज, आरंभखूण आणि दोन चौकटींमधील सक्तीची विश्रांती यांचा समावेश असतो. आयपी व टीसीपी यांची शीर्षके वजा जाता फाइलीच्या वाट्याला १४६० बाइट उरतात. म्हणजे प्रत्यक्ष कमाल वेग सुमारे ११८.७ मेगाबाइट ठरतो.

त्यातही विंडोज एक मेगाबाइट १०,४८,५७६ बाइटांचा धरते. त्यामुळे हाच वेग पडद्यावर ११३ च्या आसपास दिसतो. १२५, ११८.७ आणि ११३ हे तिन्ही आकडे एकाच वस्तुस्थितीची तीन रूपे आहेत. एका परीक्षणात ११३ आणि दुसऱ्यात ११८ वाचून दुसरे साधन सरस मानणारा ग्राहक एककांतील फरकालाच गुणवत्ता समजत असतो.

वायफायवर तर हा आकडा अधिकच दूर जातो. हवेतील वाट सर्व उपकरणांना वाटून घ्यावी लागते. राउटरवर छापलेला वेग हा जोडणीचा असतो, फाइलीचा नसतो. लॅपटॉप आणि साठवण साधन ही दोन्ही एकाच राउटरला वायफायने जोडलेली असतील, तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा प्रवास करतो.

४. मोठी फाइल आणि लाख लहान फाइली :

वेगाचा आकडा बहुधा एका मोठ्या फाइलीवर घेतलेला असतो. घरातील संग्रह मात्र असा नसतो. चित्रफितींच्या जोडीला हजारो छायाचित्रे, पत्रे, टिपणे आणि ईमेलची साठवण असते. प्रत्येक फाइलीसाठी ती उघडणे, तिची नोंद करणे, परवानग्या व दिनांक लिहिणे आणि ती बंद करणे असे व्यवहार संगणक व साधन यांच्यात घडतात. फाइल लहान असो वा मोठी, हा खर्च जवळजवळ सारखाच राहतो.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. १० गिगाबाइटची एकच फाइल सेकंदाला ११८ मेगाबाइटने सुमारे ८५ सेकंदांत जाते. तितकीच माहिती १०० किलोबाइटच्या एक लाख फाइलींत विभागलेली आहे आणि प्रत्येक फाइलीमागे १० मिलिसेकंदांचा स्थिर खर्च होतो, असे गृहीत धरू. त्या स्थिर खर्चाचेच १००० सेकंद होतात. एकूण वेळ १०८५ सेकंद, म्हणजे सुमारे १८ मिनिटे, आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला अवघा ९ मेगाबाइट. आता केबल, स्विच आणि साधन बदलून २.५ गिगाबिटची जोडणी घेतली, तर माहिती वाहण्याचा वेळ ८५ वरून सुमारे ३४ सेकंदांवर येईल. परंतु एकूण वेळ १०३४ सेकंद राहील. खर्च करून साधलेली बचत पाच टक्क्यांहूनही कमी. याउलट जोडणी तीच ठेवून प्रत्येक फाइलीमागचा खर्च १० वरून ५ मिलिसेकंदांवर आणला, तर एकूण वेळ ५८५ सेकंदांवर येतो.

जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनासंदर्भात मांडलेल्या युक्तिवादाचे सार येथे लागू पडते. कामाच्या ज्या भागाला सुधारणेचा स्पर्श होत नाही, तोच भाग एकूण लाभाची सीमा ठरवतो. घरगुती संग्रहाच्या बाबतीत हा अस्पर्शित भाग फाइलींची संख्या हा आहे.

हा स्थिर खर्च कमी करण्याचे प्रयत्न मुख्यतः प्रोटोकॉलच्या पातळीवर झाले. विंडोजमध्ये फाइली सामाईक करण्यासाठी वापरला जाणारा एसएमबी हा प्रोटोकॉल मूळ आयबीएममध्ये १९८० च्या दशकात जन्मला. त्याची पहिली आवृत्ती फार बोलकी होती; लहानसहान गोष्टींसाठीही विचारणा आणि उत्तर यांच्या फेऱ्या होत. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शंभराहून अधिक आज्ञांच्या जागी १९ आज्ञा आल्या आणि अनेक विचारणा एकत्र बांधून पाठवण्याची सोय झाली. बहुतेक घरगुती साधने लिनक्सवर चालतात आणि एसएमबीसाठी 'सांबा' ही मुक्त प्रणाली वापरतात. तिच्यात दुसऱ्या आवृत्तीचा पूर्ण आधार २०११ च्या ३.६ या आवृत्तीत आला. म्हणजे तीच पेटी, तीच डिस्क आणि तीच केबल असतानाही केवळ प्रोटोकॉल बदलल्याने कामाचा वेळ बदलू शकतो. खोक्यावरील आकड्यात याची नोंद नसते.

वापरकर्त्याच्या हातातही काही उपाय आहेत. विंडोज ७ पासून रोबोकॉपी या आज्ञेत अनेक फाइली एकाच वेळी पाठवण्याची सोय आहे. त्यामुळे एका फाइलीची प्रतीक्षा चालू असताना दुसरीचे काम पुढे सरकते. लहान फाइली आधी एका झिप फाइलीत बांधून पाठवल्या तरी फेऱ्या वाचतात. आरसिंक ही आज्ञावली तर बदललेला भागच पाठवते. सांबा आणि आरसिंक या दोन्हींच्या निर्मितीशी अँड्र्यू ट्रिजेल यांचे नाव निगडित आहे, हे लक्षणीय आहे. एका वाटेने प्रवास जलद केला. दुसऱ्या वाटेने प्रवासाची गरजच कमी केली.

५. डिस्कचे वय, भरण आणि रचना :

मापन सामान्यतः नव्या, रिकाम्या डिस्कवर होते. फिरत्या डिस्कवर बाहेरच्या वर्तुळांचा परीघ मोठा असल्याने एका फेऱ्यात अधिक माहिती वाचली जाते. आतल्या वर्तुळांवर हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. डिस्क बहुधा बाहेरून आत भरत जाते. त्यामुळे खरेदीच्या दिवशीचा वेग आणि तीन वर्षांनी भरलेल्या डिस्कचा वेग एक नसतो. शिवाय विखुरलेल्या फाइलींसाठी शीर्षाला जागा बदलावी लागते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर केवळ अर्ध्या फेऱ्याच्या प्रतीक्षेलाच सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात.

एकाहून अधिक डिस्क एकत्र बांधण्याची 'रेड' ही पद्धत पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. तिच्या पाचव्या प्रकारात एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकते. मात्र लहान लेखनासाठी जुनी माहिती वाचणे, जुनी समता वाचणे, नवी माहिती लिहिणे आणि नवी समता लिहिणे अशा चार क्रिया कराव्या लागतात. मोठ्या सलग फाइलीत हा भार जाणवत नाही, लहान फाइलींत जाणवतो. आणि एक डिस्क निकामी झाल्यानंतर नव्या डिस्कवर पुनर्रचना चालू असताना साधन सर्वाधिक मंद असते. कुटुंबाला माहिती तातडीने अन्यत्र हलवण्याची निकड नेमकी त्याच वेळी असते.

डिस्कच्या अंतर्गत रचनेचे महत्त्व २०२० मध्ये ठळकपणे पुढे आले. नॅससाठी विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये कौलांप्रमाणे एकावर एक चढणाऱ्या पट्ट्यांची लेखनपद्धती वापरली आहे, हे कंपनीने त्या वर्षी मान्य केले. पुढे जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी 'रेड प्लस' हे स्वतंत्र नाव देण्यात आले. कौलारू पद्धतीत एक पट्टा बदलायचा तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क हे काम आधी एका राखीव भागात लिहून लांबणीवर टाकते. तो भाग भरला की वेग कोसळतो. लहान चाचणीत हा दोष दिसतच नाही. पुनर्रचनेसारख्या दीर्घ लेखनातच तो उघडा पडतो.

६. उधारीचा वेग :

येथवरच्या चिकित्सेत वेग कमी का होतो, हे पाहिले. त्याहून गंभीर प्रश्न वेग अधिक का दिसतो, हा आहे. लिनक्सवर चालणारे साधन आलेली माहिती प्रथम मेमरीत घेते आणि मागाहून डिस्कवर लिहिते. सर्वसाधारण मांडणीत अशी माहिती सुमारे ३० सेकंदांपर्यंत मेमरीत थांबू शकते. साधनात दोन गिगाबाइट मेमरी असेल आणि चाचणीची फाइल एक गिगाबाइटची असेल, तर मापन बहुतांशी मेमरीचे होते, डिस्कचे नव्हे. अशा चाचण्यांत कधीकधी केबलच्या क्षमतेपलीकडचे आकडे नोंदले जातात. ते संगणकाच्या स्वतःच्या मेमरीतून आलेले असतात. 'आयओझोन' या जुन्या मापनप्रणालीत माहिती डिस्कवर ढकलण्याचा आणि फाइल बंद करण्याचा वेळ मोजणीत धरण्यासाठी वेगळे पर्याय आहेत. पर्याय वेगळे आहेत, याचा अर्थ ते न निवडताही आकडा काढता येतो.

या संदर्भात विंडोज व्हिस्टाचे उदाहरण बोधप्रद आहे. विंडोज एक्सपीमध्ये माहिती डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच कॉपीची चौकट मिटत असे. व्हिस्टाच्या पहिल्या आवृत्तीत मेमरीचा हा मधला टप्पा वगळला गेला. त्यामुळे चौकट अधिक काळ दिसू लागली आणि 'व्हिस्टा मंद आहे' अशी ओरड झाली. २००८ मधील सर्व्हिस पॅक १ मध्ये बहुतांश कॉपीसाठी पुन्हा मेमरीचा मार्ग स्वीकारण्यात आला. मायक्रोसॉफ्टचे मार्क रसिनोविच यांनी त्याच वर्षी याचे सविस्तर विवेचन केले आहे. या बदलामागे इतर तांत्रिक कारणेही होती. तथापि वापरकर्त्याला जाणवणारा वेग आणि प्रत्यक्ष पूर्तता या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

सांबाच्या बाबतीत तर हा प्रश्न एका मांडणीत सामावलेला होता. संगणकावरील प्रोग्रॅमने 'आता डिस्कवर लिहा' अशी स्पष्ट विनंती केली तरी ती पाळायची की नाही, हे एका पर्यायावर अवलंबून असे. आणि पूर्वनिर्धारित उत्तर 'नाही' असे होते. २०१७ मधील ४.७ या आवृत्तीपासून ते 'होय' करण्यात आले. तोपर्यंत मिळणारा वेग काही अंशी उधारीचा होता, असे म्हणावे लागते. वीज अखंड असेल तर ही उधारी आपोआप फिटते. ऐन वेळी वीज गेली आणि साधनाला यूपीएस नसेल, तर मेमरीतील माहिती नाहीशी होते. आणि मूळ प्रत त्याआधीच पुसलेली असेल तर ती भरून काढण्याचा मार्ग उरत नाही.

७. न पोहोचलेल्या फाइलींचा प्रश्न :

वेगाच्या आकड्यात आणखी एक गृहीत दडलेले असते. ते म्हणजे सर्व फाइली पोहोचतात. मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने हे गृहीत विशेष तपासले पाहिजे. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत नावाची मर्यादा २५५ एककांची असून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक एकक धरले जाते. लिनक्सच्या ईएक्सटी४ रचनेत मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे होत. परिणामी इंग्रजी नावाला २५५ अक्षरे मिळतात, तेथे मराठी नावाला ८५ चिन्हेच मिळतात.

'महाराष्ट्रातील लोकसाहित्याच्या संकलनाची परंपरा - प्रकरण दुसरे - मार्गदर्शकांच्या दुरुस्त्यांसह अंतिम मसुदा' असे नाव प्राध्यापकाच्या संगणकावर अस्वाभाविक नाही. टिंबासह पाच रोमन अक्षरांचा प्रत्यय धरून विंडोजच्या मोजणीने ते १११ एककांचे, म्हणजे पूर्णतः वैध आहे. युटीएफ-८ मध्ये मात्र त्याचे २९७ बाइट होतात आणि नॅसवर ती फाइल उतरत नाही. ईक्रिप्टएफएस पद्धतीने कूटबद्ध केलेल्या फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटांवर, म्हणजे अवघ्या ४७ देवनागरी चिन्हांवर येते. हजारो फाइलींच्या कॉपीत त्रुटीची सूचना आली आणि 'वगळा' हे बटण दाबले गेले, तर उरलेल्या कामाचा वेग उत्तमच दिसतो.

८. पर्यायी मापनाची दिशा :

या विवेचनाचा अर्थ प्रचलित आकडा निरुपयोगी आहे, असा नव्हे. मोठ्या चित्रफिती हलवणाऱ्यास तो मार्गदर्शक ठरतो. आक्षेप आहे तो एकाच आकड्याला सर्व कामांचा प्रतिनिधी मानण्याला. वास्तव कार्यक्रमाला लागणारा वेळ हेच संगणकाच्या कामगिरीचे विश्वसनीय माप होय, असा आग्रह हेनेसी आणि पॅटरसन यांनी १९९० पासून आपल्या पाठ्यग्रंथात धरला आहे. इंटेलच्या नॅस परफॉर्मन्स टूलकिटने चित्रफीत पाहणे, छायाचित्रसंग्रह उघडणे, फोल्डर कॉपी करणे अशा घरगुती कामांच्या नोंदी पुन्हा चालवून मापन करण्याचा प्रयत्न केला. ही दिशा योग्य होती. कारण तीत काम आधी आणि आकडा नंतर असा क्रम होता.

या दिशेने पुढे जायचे तर परीक्षणात किमान चार वेळा नोंदल्या जाव्यात. साधनाच्या मेमरीपेक्षा कित्येक पट मोठी एक फाइल लिहिण्याची वेळ. तितक्याच आकाराच्या हजारो लहान फाइलींची वेळ. हीच कामे कूटबद्ध फोल्डरमध्ये आणि एक डिस्क निकामी असताना करण्याची वेळ. आणि या प्रत्येक कामात माहिती डिस्कवर पोहोचल्याची खात्री होईपर्यंतची वेळ. त्याबरोबर पाठवलेल्या व पोहोचलेल्या फाइलींची संख्या आणि बेरीजतपासणी यांची नोंद असावी.

९. समारोप :

प्रस्तुत चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात. एक, मोठ्या फाइलीचा सलग वेग गिगाबिट जोडणीच्या कमाल मर्यादेला पोहोचल्यानंतर साधनांतील भेद दाखवण्यास असमर्थ ठरला आहे. दोन, घरगुती संग्रहाचा वेळ प्रामुख्याने फाइलींच्या संख्येने ठरतो. केबल बदलून तो फारसा घटत नाही. तीन, वेगाचा काही भाग सुरक्षित लेखन लांबणीवर टाकून मिळवलेला असू शकतो. चार, देवनागरी नावांच्या फाइलींबाबत पूर्णतेची तपासणी स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे.

ग्रंथपालाची कार्यक्षमता त्याने तासाला किती पुस्तके उचलली यावरून कोणी ठरवत नाही; पुस्तक योग्य फडताळात लागले का आणि मागितल्यावर हाती आले का, यावरून ठरवतात. साठवण साधनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. तोपर्यंत पडद्यावरील पट्टी भरली म्हणून मूळ प्रत पुसू नये. नॅसवरील फाइली मोजून, त्यांतील काही उघडून पाहून आणि दुसरी प्रत अन्यत्र ठेवूनच तो निर्णय घ्यावा. त्यात जाणारी काही मिनिटे कोणत्याही परीक्षणात वेग म्हणून मोजली जात नाहीत, परंतु हस्तांतरण खऱ्या अर्थाने पूर्ण होते ते त्या मिनिटांनंतरच.